टाईल आधी उलटी करून बघा: बाथरूमच्या भिंतींसाठी टाईल्स निवडताना

बाथरूम नव्याने करायचं ठरलं की पहिला रविवार टाईल्सच्या शोरूममध्ये जातो. पांढऱ्या दिव्यांखाली उभे केलेले मोठमोठे फलक, कुठे संगमरवराच्या शिरा, कुठे लाकडाचा भास. दुकानदार एकेक फलक सरकवत जातो आणि तासाभरात ठरून जातं: खाली डार्क, वर लाईट, मधे हायलायटर. रंग आवडला, भाव पटला, ॲडव्हान्स दिला.

माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा करा. रंग सगळ्यात शेवटी ठरवा. आधी भिंत कशाची आहे ते बघा, मग पाणी कुठे मुरेल ते, मग टाईलचा आकार आणि सांधे. एवढं झाल्यावर जे पर्याय उरतील त्यांतून आवडीचा रंग खुशाल निवडा. ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांत बाथरूमवरून जे वाद कमिटीपर्यंत जातात त्यांत रंगाचा विषय कधीच नसतो. खालच्या घराच्या छताला ओल आलेली असते.

दुकानात टाईल हातात आली की ती पालथी करा आणि मागच्या बाजूवर पाण्याचे दोन-तीन थेंब सोडा. सिरॅमिक टाईल असेल तर काही सेकंदांत थेंब शोषला जातो आणि तिथे गडद डाग दिसतो. व्हिट्रिफाइड असेल तर थेंब तसाच उभा राहतो, टाईल कलती केली की ओघळून जातो. दोन्हींमधला मुख्य फरक हाच. भिंतीसाठी बनवलेली सिरॅमिक टाईल स्वतःच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी शोषू शकते, व्हिट्रिफाइड अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. आपल्याकडे या टाईल्ससाठी आयएस १५६२२ हे भारतीय मानक आहे. बॉक्सवर ते छापलेलं आहे का, तेही त्याच वेळी बघून घ्या.

हे ऐकल्यावर वाटतं की मग भिंतीलाही व्हिट्रिफाइडच बरी. दुकानातही हेच सांगतात. पण पाणी शोषते ती टाईलची पाठ. पुढच्या बाजूला सिरॅमिकवरही काचेसारखा ग्लेझचा थर असतो आणि त्यातून पाणी आत जात नाही. फरशीवर पाय घासतात, बादली आपटते, तिथे व्हिट्रिफाइडचा कणखरपणा कामाला येतो. भिंतीवर कोणी चालत नाही. (म्हणूनच सेल्समन पीईआयचा आकडा सांगू लागला तर भिंतीपुरता तो सोडून द्या. तो पायाखालच्या झिजेचा आहे.)

उलट सिरॅमिकची सच्छिद्र पाठ सिमेंट घट्ट धरते. ती वजनाला हलकी असते, सरळ कापली जाते, शॉवरचं भोक पाडताना तडकत नाही. व्हिट्रिफाइडची पाठ पाणीच पीत नाही, त्यामुळे साध्या सिमेंटच्या स्लरीला (पाण्यात कालवलेल्या पातळ सिमेंटला) तिथे धरायला काही सापडत नाही. लावल्यावर दोन-तीन वर्षं ठीक वाटतं, मग एखाद्या दिवशी अख्खी टाईल सुटून खाली येते आणि तिच्या पाठीवर सिमेंटचा कणही नसतो. व्हिट्रिफाइड लावायची असेल तर पॉलिमरचं टाईल ॲडेसिव्हच हवं. कारागीर ज्याला नुसतं ‘केमिकल’ म्हणतात ते हेच.

चार बाय सातच्या बाथरूमच्या भिंतींना चांगल्या कंपनीची, प्रीमियम ग्रेडची सिरॅमिक टाईल पुरते, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे जे पैसे वाचतील ते वॉटरप्रूफिंग आणि ग्राउटला (टाईलांमधले सांधे भरायच्या मसाल्याला) लावा.

तुमची भिंत कशाची आहे?

हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही, आणि आपल्या दोन शहरांत तर याची निदान तीन उत्तरं आहेत.

नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या जुन्या इमारतींत विटांची भिंत असते. सिडकोची स्थापना १९७० ची, म्हणजे वाशीतल्या सुरुवातीच्या वसाहतींचं वय तुमच्या लक्षात येईल. अशा घरांत जुनी टाईल काढताना तिच्यामागचं प्लास्टरही खळाखळा येतं, आणि ते आलेलंच बरं. आतले जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाईप गंजलेले असतात. ते काढून सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) टाकायचे, नवं प्लास्टर करायचं आणि त्याला निदान सात दिवस पाणी मारायचं. ही सात दिवसांची घाई सगळेच करतात. कच्च्या प्लास्टरवर टाईल लागली तर पुढे प्लास्टर आकसतं आणि टाईल पोकळ बोलू लागते.

त्यानंतरच्या इमारतींत सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे, ब्लॉक आहेत. चार इंची सिपोरेक्सच्या भिंतीत पाईपसाठी खोल झिरी मारू नये. गीझरसारखं जड काही टांगायचं असेल तर साध्या प्लगवर न टांगता आरपार बोल्ट घ्यावा.

तिसरा प्रकार घोडबंदर रोडच्या किंवा नवी मुंबईच्या नव्या टॉवर्समध्ये भेटतो: मायवन, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली काँक्रीटची भिंत. ही भिंतच इमारतीचा भार पेलते. नळाची जागा बदलायची म्हणून तिच्यात झिरी मारणं म्हणजे खांब तासण्यासारखं आहे. ते करू नका, सोसायटीही परवानगी देणार नाही. शिवाय ती इतकी गुळगुळीत असते की सिमेंट-रेतीचा थर तिच्यावर नीट बसत नाही. इथे टाईल सिरॅमिक असली तरी ॲडेसिव्हच वापरायचं. नळ आणि शॉवर आहेत तिथेच राहणार हे आधी मान्य करा आणि टाईलच्या ओळी त्या जागांना धरून आखा.

ॲडेसिव्हसाठी आयएस १५४७७ हे मानक आहे. गोणीवर त्यासोबत ‘टाइप’ छापलेला असतो. साध्या सिरॅमिकला टाइप १ चालतं. व्हिट्रिफाइडसाठी किंवा जुन्या टाईलवर नवी टाईल लावायची असेल तर त्यावरचा टाइप लागतो. जुन्यावर नवी लावण्याची कल्पना मोहात पाडते, कारण तोडफोड नाही, रॅबिटच्या (तोडफोडीच्या मलब्याच्या) गोण्या नाहीत, लिफ्टवरून वॉचमनशी वाद नाही. फक्त बाथरूम जुनं दिसतं म्हणून बदलत असाल आणि जुन्या टाईल्स ठोकल्यावर भरीव आवाज देत असतील, तरच ते करा. गळती असेल तर नवी टाईल ती झाकते, थांबवत नाही.

टाईल पाणी अडवत नाही

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. टाईलमधून पाणी जात नाही हे खरं, पण सांध्यांतून जातं. साधं सिमेंटचं ग्राउट हळूहळू पाणी पितं. शॉवरखालच्या भिंतीवर रोज पाणी पडतं, थोडं सांध्यांतून आत शिरतं, प्लास्टरमध्ये उतरतं, तिथून स्लॅबमध्ये. जुन्या घरांत बाथरूमची स्लॅब खाली घेऊन वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. त्यात पाणी साचून राहतं आणि खालच्यांच्या छताला महिनोन्‌महिने डाग दिसत राहतो. टॉयलेट-सिंकमुळे होणाऱ्या घरातल्या अंतर्गत गळतीचा खर्च राज्यातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार संबंधित सभासदाने करायचा असतो. म्हणजे तुम्हीच.

म्हणून टाईलच्या मागे वेगळा वॉटरप्रूफिंगचा थर लागतो. भिंतीसाठी साधारणपणे दोन घटकांचं कोटिंग वापरतात, एक द्रव पॉलिमर आणि एक सिमेंटची पावडर. ब्रशने दोन हात द्यायचे, पहिला वाळल्यावर दुसरा, पहिला आडवा असेल तर दुसरा उभा. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तो कोपरा आधी वाटा मारून गोलसर करून घ्यायचा आणि त्यावर कोटिंगमध्ये फायबरची जाळी बसवायची, कारण तडा पहिल्यांदा तिथेच जातो. नळाच्या पाईपांभोवती आणि नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या पाणी जायच्या तोंडाच्या) कडेला हात आखडू नका. शॉवरच्या भिंतीवर हा थर शॉवरच्या वरपर्यंत न्यावा. बाकीच्या भिंतींना फरशीपासून फूटभर पुरतो. अनेक ठेकेदार फक्त फरशीचं वॉटरप्रूफिंग धरून कोटेशन देतात. शॉवरची भिंत कुठपर्यंत, हे कागदावर लिहून घ्या.

मग चाचणी. ट्रॅप बंद करून फरशीवर पाणी भरायचं, पातळीला पेन्सिलने खूण करायची आणि ४८ तास सोडून द्यायचं. खालच्या काकांना आधीच सांगून ठेवा आणि दोन दिवसांनी त्यांच्या बाथरूमचं छत स्वतः जाऊन बघा. ठेकेदाराच्या शब्दावर अवलंबून राहू नका. पाईपांची दाब देऊन चाचणीही टाईलच्या आधीच. या गुळगुळीत कोटिंगवर साधं सिमेंट नीट धरत नाही, हेही ॲडेसिव्ह वापरण्याचं आणखी एक कारण. सिमेंटनेच लावायचा हट्ट असेल तर दुसरा हात ओला असतानाच त्यावर रेती मारून खरखरीत करून घ्यावा लागतो.

पावसाळ्यात हे काम काढू नये. जुलैच्या दमट हवेत प्लास्टर आणि कोटिंग दोन्ही वाळायला वेळ घेतात आणि ठेकेदार वाट बघत नाही. दिवाळी झाल्यावर सुरू केलेलं काम सगळ्यात निवांत होतं.

टेप घेऊन बसा

आता आकार. भिंतीच्या टाईल्स बाजारात मुख्यतः ३०० बाय ४५० मिलिमीटर (बारा बाय अठरा), ३०० बाय ६०० (एक बाय दोन) आणि ६०० बाय १२०० (दोन बाय चार) अशा मिळतात. कुठली चांगली दिसते हे तुमच्या बाथरूमची उंची ठरवते.

आपल्याकडे बऱ्याच घरांत बाथरूमवर माळा असतो आणि त्याखालची उंची सात फूट, म्हणजे २१३४ मिलिमीटर. एक बाय दोनची टाईल आडवी लावली तर ३०० च्या सात ओळी २१०० होतात, मधले दोन मिलिमीटरचे सहा सांधे धरून २११२. जेमतेम दोन सेंटीमीटर उरतात. तीच टाईल उभी लावली तर तीन पूर्ण ओळी आणि वर ३३ सेंटीमीटरचा तुकडा, आणि प्रत्येक टाईलचा उरलेला २७ सेंटीमीटरचा भाग रॅबिटच्या गोणीत. दोन बाय चार उभी लावली की एक पूर्ण ओळ आणि दुसऱ्या ओळीतल्या प्रत्येक टाईलचा चतुर्थांश वाया. माळा नसेल आणि आठ फुटांवर फॉल्स सिलिंग घेणार असाल तर मात्र ६०० च्या चार उभ्या ओळी २४०० ला संपतात, सिलिंगची पट्टी वरचं उरलेलं झाकते आणि एकही तुकडा लागत नाही. रुंदीलाही असंच. चार फुटी भिंतीत दोन्ही बाजूंच्या टाईल आणि ॲडेसिव्हची जाडी वजा केली की बाराशेच्या आसपास उरतात, म्हणजे ६०० च्या दोन टाईल्स. कडेची चिमूटभर कापावी लागेल तेवढीच.

सिमेंट-रेतीचा थर १५ ते २० मिलिमीटरचा होतो, ॲडेसिव्हचा तीन ते सहा. चार फुटांच्या खोलीत दोन्ही बाजूंचा मिळून जवळजवळ इंचभर फरक पडतो आणि तो दार उघडताना जाणवतो.

दोन बाय चारची टाईल फोटोत फार देखणी दिसते. पण एकेक टाईल चौदा-पंधरा किलोची असते, उचलायला दोन माणसं लागतात, आणि नळाची तीन भोकं पाडताना एक फुटली तर नुकसान मोठं. शॉवर, खिडकी, दार, डायव्हर्टर (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा भिंतीतला व्हॉल्व्ह) यांनी आधीच कापलेल्या छोट्या भिंतीवर अशी टाईल अखंड दिसायला जागाच मिळत नाही. लांब, मोकळी भिंत असेल तर जरूर घ्या.

किती लागतील तेही स्वतः काढा. चार बाय सातच्या बाथरूमचा घेर २२ फूट. सात फूट उंचीने १५४ चौरस फूट. दार अडीच बाय सातचं, म्हणजे साडेसतरा वजा. खिडकी दोन बाय दोनची, चार वजा. उरले साडे-एकशेबत्तीस. एक बाय दोनची टाईल मिलिमीटरात मोजली तर १.९४ चौरस फुटांची, पूर्ण दोनची नव्हे, म्हणून नग होतात ६९. तुटफुटीचे दहा टक्के धरून ७६. बॉक्समध्ये पाच नग असतील तर १६ बॉक्स.

चकाकी, पाणी आणि सांधे

गुळगुळीत ग्लॉसी टाईल पुसायला सोपी, पण गडद ग्लॉसीवर पाण्याचा प्रत्येक डाग दिसतो. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी येतं, ते बहुतेक वेळा त्रास देत नाही. पण ज्या संकुलांत टँकर किंवा बोअरवेलचं पाणी मिसळतं तिथे वाळलेल्या थेंबातून क्षारांचे पांढरे ठिपके उरतात. काळ्या किंवा गडद निळ्या भिंतीवर ते आठवड्यात दिसू लागतात. अशा ठिकाणी हलक्या रंगाची सॅटिन फिनिश मला सगळ्यात सोयीची वाटते. दगडासारखी उंचसखल टाईल शॉवरखाली नको. खाचांत साबण बसतो आणि पावसाळ्यात त्यावर काळसर बुरशी येते. फरशीला मात्र मॅट, अँटिस्किडच हवी, आणि तीही लहान आकाराची, म्हणजे ट्रॅपकडे ढाळ नीट देता येतो.

रंग घरी आणून बघा. शोरूमच्या दिव्याखाली मोती दिसणारी टाईल डक्टकडे उघडणाऱ्या खिडकीच्या उजेडात राखाडी दिसते. एक सुटा नग मागून घ्या, बाथरूममध्ये उभा करा, सकाळी बघा आणि रात्री दिवा लावून बघा.

सांध्यांवर मी आग्रही आहे. ‘जॉइंटलेस’ची मागणी खूप होते, टाईलला टाईल चिकटवून लावा म्हणून. तसं लावलं की ग्राउट आत शिरतच नाही, वरवर पांढरं सिमेंट पुसलं जातं आणि पाण्याला वाट मिळते. भिंतीला दोन मिलिमीटरचा स्पेसर (दोन टाईलांमधे ठेवायचा छोटा तुकडा) हवाच. कडा मशीनने घासून सरळ केलेली रेक्टिफाइड टाईल असेल तर एवढा सांधा डोळ्यांना टोचत नाही. शॉवरच्या भागात इपॉक्सी ग्राउट घ्या. ते पाणी जवळजवळ पीत नाही, काळं पडत नाही. महाग आहे आणि हात चालवणारा कारागीर लागतो, कारण कालवलेलं मिश्रण अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होतं आणि टाईलवरचा चिकट थर लगेच पुसला नाही तर कायमचा राहतो. पण पैसे खर्च करण्याची ही योग्य जागा आहे. भिंतींच्या आतल्या कोपऱ्यांत ग्राउटऐवजी बुरशीरोधक सिलिकॉन भरून घ्या. दोन भिंती थोड्या हलतात, कडक ग्राउट तिथे चिरतं. साध्या सिमेंटच्या ग्राउटवर टॉयलेट साफ करण्याचं ॲसिड वापरू नका, ते सांधे पोखरतं.

खरेदी आणि लावणी

देशातल्या बहुतांश टाईल्स गुजरातमधल्या मोरबी भागात बनतात. तिथे डिझाइन्स झपाट्याने बदलतात. आज घेतलेली टाईल दोन वर्षांनी मिळेलच असं नाही, म्हणून सगळे बॉक्स एकदमच घ्या. प्रत्येक बॉक्सवर शेड आणि बॅचचा नंबर असतो. टेंपोतून उतरवतानाच सगळ्यांवर तोच आहे का ते बघा. एकाच नावाच्या दोन बॅचमध्ये रंगाचा फरक असतो, आणि तो भिंतीवर लागल्यावरच दिसतो. दोन टाईल्स तोंडाला तोंड लावून धरा. मधे फट दिसली तर टाईल वाकलेली आहे, लावल्यावर कडा वर-खाली होणार. संगमरवरी डिझाइन असेल तर चार-पाच वेगवेगळे चेहरे येतात. लावायच्या आधी फरशीवर मांडून बघा, नाहीतर तीच शीर एकाच ओळीत तीनदा येते.

कारागीर पहिली ओळ फरशीपासून सुरू करू लागला तर थांबवा. फरशीला ढाळ असतो, त्यामुळे खालून सुरू केलेली ओळ तिरकी जाते. सरळ पट्टी ठोकून दुसऱ्या ओळीपासून वर चढायचं आणि सगळ्यात खालची ओळ शेवटी, ढाळाप्रमाणे कापून बसवायची.

डायव्हर्टरकडे खास लक्ष द्या. भिंतीत बसणाऱ्या त्याच्या बॉडीवर प्लास्टिकचं झाकण असतं आणि त्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात. तयार टाईलचा पृष्ठभाग या दोन खुणांच्या मधेच यायला हवा. प्लंबर विटांवर बसवून निघून जातो, मग प्लास्टर, कोटिंग, ॲडेसिव्ह, टाईल चढते आणि बॉडी खोल जाते. मग मूठ बसत नाही आणि भिंत पुन्हा फोडावी लागते. प्लंबरला टाईलचा तुकडा हातात देऊन हिशेब करायला लावा.

पाईप झाकण्याआधी चारही भिंतींचे फोटो काढा, फोटोत टेप धरून, म्हणजे फरशीपासून आणि कोपऱ्यापासून पाईप किती अंतरावर आहे ते कळेल. पुढे टॉवेल रॉडसाठी भोक पाडताना हेच फोटो उपयोगी पडतात.

ॲडेसिव्ह टाईलवर चार गोळे मारून लावायचं नसतं. दातेरी करणीने भिंतीवर पसरायचं आणि टाईल दाबून बसवायची. गोळ्यांच्या मधे पोकळी राहते, तिच्यात पाणी साचतं. एखादी टाईल बसवल्या-बसवल्या काढून दाखव म्हणा. पाठ सगळीकडून भरलेली दिसली पाहिजे. काम संपल्यावर शेवटचा हप्ता देण्याआधी लाकडी मुठीने सगळ्या भिंती ठोकत जा. पोकळ आवाज आला तिथे खडूने फुली मारा आणि तेवढ्या बदलून घ्या. त्यासाठीच जास्तीच्या टाईल्स घेतल्या होत्या. उरलेल्या चार-पाच टाईल्स बॉक्सच्या लेबलसकट माळ्यावर उभ्या करून ठेवा. पुढे कधी प्लंबरने एखादी फोडलीच, तर जुळणारी टाईल घरातच असेल.